साडेएक वाजले

"मामा, चल जेवायला. साडेएक वाजले."

गेल्या फेब्रुवारीतल्या एका रविवारची गोष्ट. कामशेतला ताईकडे गेलो होतो. भाचेबुवांनी (वय वर्षे सात, इयत्ता दुसरी, दोन दात पडलेले) दारात उभं राहून ही घोषणा केली आणि घरात हशा पिकला. दाजी हसले, त्याची आजी पदर तोंडाला लावून हसली, मीही हसलो. साहेबांचा चेहरा लाल. ताट सरकवून म्हणाला, "त्यात हसायचं काय? साडेतीन असतं, साडेचार असतं, मग साडेएक का नाही?"

आता सांगा, काय उत्तर आहे यावर तुमच्याकडे?

माझ्याकडे नव्हतं. त्याचं लॉजिक एकदम चोख होतं. त्यानं तीन-चार उदाहरणं ऐकली, त्यातून नियम काढला आणि तो नियम नवीन ठिकाणी लावला. आमच्या टीममध्ये फ्रेशर असं करतो तेव्हा आम्ही त्याला शाबासकी देतो. चूक पोराची नव्हती, भाषेची होती. साडेतीनपासून साडेबारापर्यंत सगळं नियमात बसतं, आणि मधेच 'दीड' आणि 'अडीच' हे दोन अपवाद कोणीतरी शेकडो वर्षांपूर्वी हार्डकोड करून ठेवलेत. शिवाय 'पाऊण वाजला' आणि 'सव्वा वाजला' आहेतच. 'पावणेएक' म्हणायचं नाही, 'सव्वाएक' म्हणालात तर लोक वळून बघतात. याचं कुठे डॉक्युमेंटेशन नाही. प्रत्येक पिढीनं हसू करून घेऊन शिकायचं.

जेवणं झाल्यावर ताईनं खरं दुखणं सांगितलं. शाळेत घड्याळ शिकवायला सुरुवात झाली होती आणि याला काही केल्या येत नव्हतं. वहीत लाल शेरा होता. ताईनं बाजारातून प्लास्टिकचं खेळण्यातलं घड्याळ आणलं होतं आणि रोज संध्याकाळी त्यावरून रडारड चालली होती. "तू इंजिनीअर ना? बघ जरा," ती म्हणाली. इंजिनीअरला घरात दोनच कामं सांगतात, वायफाय बघ आणि पोराचं गणित बघ.

म्हटलं, त्यात काय? अर्ध्या तासाचं काम. बसलो मांडी घालून. "हा लहान काटा तास दाखवतो, हा मोठा काटा मिनिटं. लहान काटा पाचवर, मोठा तीनवर. किती वाजले?"

"पाच वाजून तीन मिनिटं."

"नाही रे. मोठा काटा तीनवर म्हणजे पंधरा."

"पण तिथे तीन लिहिलंय."

"हो, पण त्याचा अर्थ पंधरा."

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की जशी मी क्लायंटनं तिसऱ्यांदा रिक्वायरमेंट बदलल्यावर बघतो.

त्या नजरेनंतर मला पहिल्यांदा जाणवलं की घड्याळाची तबकडी हे किती वाईट डिझाइन आहे. एकाच जागी लिहिलेला '३' हा आकडा एका काट्यासाठी तीन असतो आणि दुसऱ्यासाठी पंधरा. त्यातला पंधरा कुठे लिहिलेलाच नसतो. तास बाराचे, मिनिटं साठाची, दिवस चोवीस तासांचा, पण तबकडी बाराचीच, म्हणजे दिवसातून दोन फेऱ्या. पोराला शंभरपर्यंत आकडे येतात ते दहाच्या हिशोबानं. इथे मात्र एकोणसाठनंतर एकदम शून्य. आणि 'पाच वाजले' म्हणताना लहान काटा नेमका पाचवर असतो, पण पाच वाजून पन्नास मिनिटं झाली की तो जवळजवळ सहावर जाऊन बसतो. पोरगं बिचारं 'सहा वाजून पन्नास मिनिटं' म्हणतं, आणि आपण ओरडतो, "अरे, लक्ष कुठाय तुझं?" लक्ष घड्याळातच असतं हो त्याचं!

मग मी एक उद्योग केला. त्या प्लास्टिकच्या घड्याळाचा मोठा काटा उपटून खिशात टाकला.

हे मी काही नवीन शोधलं नाही. युरोपात पहिली यांत्रिक घड्याळं आली तेव्हा बहुतेकांना एकच काटा असायचा, तासाचा. १६५६ साली हॉयगेन्सनं लंबकाचं घड्याळ बनवलं, घड्याळांत अचूकपणा आला आणि त्यानंतर मिनिटकाटा सर्रास दिसायला लागला. म्हणजे मोठमोठ्या लोकांचंही शेकडो वर्षं एका काट्यावर भागत होतं. सात वर्षांच्या पोराचं दोन रविवार भागायला काय हरकत आहे?

आणि आता गंमत बघा. मोठा काटा गेल्यावर मराठी एकदम सोपी झाली. लहान काटा चार आणि पाचच्या बरोबर मध्ये असला की साडेचार. चार सोडून थोडा पुढे सरकला की सव्वाचार. पाचला टेकायला थोडासाच बाकी असला की पावणेपाच. यात पंधरा, तीस, पंचेचाळीस यांचा संबंधच नाही! 'पावणेपाच' या शब्दात पाच येतो, चार येत नाही, हे एरवी मुलांना फार छळतं. पण एकट्या काट्याकडे बघितलं तर डोळ्यांना दिसतं की तो पाचच्या दारात उभा आहे. म्हणून पाव कमी पाच. आपले हे शब्द लहान काट्याकडे बघूनच बोलायचे आहेत, आणि आपण मात्र मुलांना मोठ्या काट्यावरून शिकवत बसतो.

त्याची आजी हे सगळं लांबून बघत होती. ती म्हणाली, "आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करून घ्यायचे. घड्याळ नव्हतं कुणाच्या घरी, पण पाव अन् पाऊण कळायचं." पटलं मला. पाव, अर्धा, पाऊण हे आधी भाकरीत कळलं की मग घड्याळात कळतं. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना शाळेत 'फोर फॉर्टी-फाइव्ह' शिकवतात, घरी आजी 'पावणेपाच' म्हणते आणि या दोन वेगवेगळ्या वेळा आहेत असं ते पोर धरून चालतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसऐवजी 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? आकड्यांच्या नावांवर महाराष्ट्र भांडला. पाव आणि पाऊण मात्र घराघरांतून गुपचूप चाललेत, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

असो. तर पुढचा रविवार. आता मिनिटं शिकवायची म्हणजे आधी मिनिट म्हणजे किती हे कळायला हवं. इथे मला पियाजे नावाचा मानसशास्त्रज्ञ आठवला. (वाचलं होतं कधीतरी. शनिवार-रविवार ब्लॉग लिहिणाऱ्या माणसाला असलं काहीबाही वाचावं लागतं.) १९२८ साली डावोसला आइनस्टाइननं त्याला विचारलं होतं की लहान मुलांना आधी काळ कळतो की वेग? मग पियाजेनं त्यावर प्रयोग केले आणि १९४६ साली पुस्तक लिहिलं. त्याच्या प्रयोगांत दोन खेळणी एकाच वेळी निघून एकाच वेळी थांबायची, पण एक जोरात पळायचं. लहान मुलं म्हणायची, जे लांब गेलं त्याला जास्त वेळ लागला.

म्हटलं, आपणही बघू. कामशेत स्टेशनवर गेलो. आमच्या मावळात मुलांना वेळ शिकवायला याहून चांगली प्रयोगशाळा नाही. लोणावळा, मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव... लोकल सगळीकडे थांबत पुण्याला जाते, ६४ किलोमीटरला जवळपास दीड तास घेते. एक्सप्रेस कामशेतला ढुंकूनही न बघता निघून जाते. भाच्याला विचारलं, "समज, लोकल आणि एक्सप्रेस दोघी इथून एकदम निघाल्या. लोकल वडगावला पोचली तेव्हा एक्सप्रेस तळेगावच्या पुढे गेलेली. जास्त वेळ कोण चाललं?"

"एक्सप्रेस. ती लांब गेली ना!"

आइनस्टाइन साहेब, घ्या तुमचं उत्तर. कामशेत, फलाट क्रमांक एक.

म्हणजे ज्या पोराच्या डोक्यात वेळ आणि अंतर अजून एकमेकांत अडकलेत, त्याला आपण तबकडी वाचायला लावतो आणि नाही आलं की लाल शेरा मारतो. तबकडी वाचणं ही पुढची गोष्ट. आधी पोटात कळायला हवं की एक मिनिट केवढं असतं. मग आम्ही खेळ केला. डोळे मिटायचे आणि एक मिनिट झालं असं वाटलं की हात वर करायचा. पहिल्यांदा त्याचा हात अकरा सेकंदांत वर. संध्याकाळपर्यंत चाळीसपर्यंत आला. भाताच्या कुकरला तीन शिट्ट्या व्हायला किती वेळ, दात घासायला किती, स्टेशनपासून घरापर्यंत चालत किती, सगळं मोजलं. 'दोन मिनिटांच्या' नूडल्सना किती लागतात तेही मोजलं. त्याचा निकाल इथे देत नाही.

एका सकाळी अंगणात काठीही रोवली. दर अर्ध्या तासानं सावलीच्या टोकाला खडूनं खूण. "सगळ्यात छोटी सावली बारा वाजता," मी छातीठोकपणे सांगून ठेवलं. बारा वाजले, सावली अजून आखडतेच आहे. साडेबारा वाजले, अजून थोडी. शेवटी पाऊण वाजून पाचेक मिनिटांनी ती सगळ्यात छोटी झाली. भाचा म्हणाला, "मामा, तुझं घड्याळ चुकलंय." खरं तर घड्याळ भारताचं होतं. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची, आणि मावळ त्र्याहत्तर-साडेत्र्याहत्तर अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला खरा मध्यान्ह साधारण ३६ मिनिटं उशिरा. त्यात फेब्रुवारीत सूर्यच तेरा-चौदा मिनिटं आणखी मागे रेंगाळतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो उलट लवकर येतो. (हा प्रयोग पावसाळ्यात करू नका. जुलैमध्ये लोणावळ्यात सूर्य रजेवर असतो.)

१ जानेवारी १९०६ ला ही प्रमाणवेळ आली. त्याआधी मुंबईची स्वतःची वेळ होती, आजच्या वेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावायची, जी मुंबईच्या अर्धा तास पुढे. म्हणजे बोरघाटातून येणाऱ्या माणसाच्या शहरातल्या घड्याळात एक आणि गाडीच्या वेळापत्रकात दुसरंच. मुंबईत काही ठिकाणी जुन्या वेळेचा हेका १९५५ पर्यंत चालला. हे सगळं भाच्याला सांगितलं नाही, पण एवढं सांगितलं की 'आत्ता बारा वाजले' हे आपण सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असतं. एकमेकांना भेटता यावं म्हणून. तो म्हणाला, "म्हणजे प्रॉमिस?"

म्हटलं, हो. प्रॉमिससारखंच.

हे वाक्य मला महागात पडलं.

तोवर मोठा काटा परत बसवला होता आणि पाचाच्या पाढ्यानं तो त्याला बऱ्यापैकी जमायला लागला होता. शनिवारी संध्याकाळी बक्षीस म्हणून डेक्कन क्वीन बघायला जायचं ठरलं. मुंबईहून ती पाच वाजून दहा मिनिटांनी सुटते आणि साडेसातच्या आसपास कामशेतवरून न थांबता धडधडत जाते. फेब्रुवारीत तेव्हा अंधार असतो, त्यामुळे उजेडाच्या खिडक्यांची एक माळच डोळ्यांसमोरून जाते. स्टेशन घरापासून दहा मिनिटांवर. (हे आम्ही मोजलेलं होतं.) साहेब सातला स्वेटर, बूट घालून तयार.

आणि सातला माझा फोन वाजला. रिलीजमध्ये काहीतरी फुटलं होतं. मी लॅपटॉप उघडला. तो दारात येऊन उभा राहिला. मी म्युट करून म्हणालो, "पाच मिनिटं हं. पाच मिनिटांत निघू."

किती वेळा म्हणतो आपण हे वाक्य? फोनवर बोलताना, गाडी काढताना, "निघालोच, पाच मिनिटांत पोचतो" असं म्हणत अंघोळीला जाताना. मोठ्या माणसांना कळतं की 'पाच मिनिटं' ही वेळ नसून दिलगिरी आहे. पोराला तीन आठवडे मीच शिकवलं होतं की पाच मिनिटं म्हणजे मोठा काटा एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर.

कॉल संपला, लॅपटॉप मिटला. तो बाहेरच्या खोलीत भिंतीवरच्या घड्याळासमोर बसला होता. बूट पायातच. रडत वगैरे नव्हता. मला म्हणाला, "मामा, तुझी पाच मिनिटं बारापासून दहापर्यंत गेली."

पन्नास मिनिटं. अचूक वाचलं त्यानं. कोणी शिकवणारं शेजारी नसताना पहिल्यांदा घड्याळ वाचलं, आणि ते माझ्याविरुद्ध. गाडी तर केव्हाच पुण्याकडे गेली होती.

ताई म्हणाली, "जाऊ दे रे, पोरं विसरतात." मला नाही वाटत. मला एक जुनी गोष्ट आठवली. माझे बाबा पिंपरीत कारखान्यात शिफ्टला जायचे. पहिली पाळी असली की भल्या पहाटेची लोकल. त्यांच्याकडे चावीचं एचएमटी होतं, रोज रात्री झोपताना चावी द्यायचे. ते आमच्याशी फार बोलायचे नाहीत, पण "बुधवारच्या चारच्या लोकलनं येतो" म्हणाले की बुधवारी त्याच लोकलनं यायचे. मला घड्याळ कोणी शिकवलं ते आठवतच नाही. बहुतेक खिडकीत बसून शिकलो. वाट बघण्यासारखं काहीतरी होतं आणि ते ठरल्या वेळी यायचं. एवढं असलं की पोरं घड्याळ शिकतात.

म्हणून माझं मत असं झालंय की आपण मुलांना घड्याळ चुकीच्या टोकाकडून शिकवतो. बहुतेक घरांत मुलाची घड्याळाशी ओळख होते ती "सात वाजले, आवर लवकर!" अशी. घड्याळ म्हणजे आईच्या रागाचं यंत्र. ज्या वस्तूच्या नावानं रोज सकाळी ओरडा बसतो ती शिकायची हौस कोणाला असेल? आणि दुसरीकडे आपल्या तोंडची मिनिटं आणि तास हे सगळे खोटे. 'आत्ता येतो', 'दोन मिनिटं थांब', 'थोड्या वेळानं खेळू'. पोराच्या बाजूनं बघा. शाळेच्या बसची वेळ काटेकोर, आणि त्याच्याशी खेळायची वेळ मात्र रबरी. त्यातून तो वेळेबद्दल नक्की काय शिकतो?

काही मित्र म्हणतात, एवढी झिगझिग कशाला, आता सगळीकडे डिजिटलच आहे. खरंय. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या काही शाळांनी परीक्षेच्या हॉलमधली काट्यांची घड्याळं काढून डिजिटल लावल्याच्या बातम्या आल्या होत्या, कारण मुलांना काटे वाचता येईनात. पण '७:१०' या आकड्यात किती वेळ उरलाय ते दिसत नाही, वजाबाकी करावी लागते. काट्यांवर ते दिसतं. गाडीला अजून केवढा तुकडा बाकी आहे हे बोटानं दाखवता येतं. ज्याला वजाबाकी नीट येत नाही त्यालाच त्याची जास्त गरज. आणि माझा पन्नास मिनिटांचा खोटेपणाही त्यानं बोटानंच दाखवला होता.

पुढच्या शनिवारी मी फोन घरी ठेवून गेलो. (ऑन-कॉल दुसऱ्याला दिला, त्या बदल्यात त्याचा रविवार घेतला. सगळ्यांना हे जमेल असं नाही, मलाही दर वेळी जमणार नाही, माहितीये.) सात वाजता निघालो. फलाटावर साडेसात झाले, गाडी नाही. सात पस्तीस, नाही. भाचा स्टेशनच्या घड्याळाकडे बघत होता. मला म्हणाला, "मामा, गाडीनं पण पाच मिनिटं म्हटलं वाटतं."

मग ती आली. त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि खिडक्या मोजल्या.

शाळेतल्या चाचणीत त्याला दहापैकी सात मिळाले. दीडच्या चित्राखाली त्यानं मराठीत 'साडेएक' लिहिलं होतं, ते बाईंनी कापलं. मी ताईला म्हटलं, राहू दे, मोठेपणी आपोआप दीड होतो.

ताईलाही एक नियम सांगून आलोय. पोराला मिनिटांत शब्द द्यायचा तर तो घड्याळ लावून द्यायचा. नाहीतर सरळ सांगायचं, "माहीत नाही रे किती वेळ लागेल." ते त्याला कळतं. मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच चांगलं कळतं.

चला, बंद करतो. रात्रीचा पाऊण वाजलाय. बरोबर वाचलंत, पाऊणच.